कपिलधारची वाट आणि वैद्याचा व्यवसाय

बालाघाटच्या डोंगररांगेत, मांजरसुंब्याजवळ वसलेले श्रीक्षेत्र कपिलधार हे श्री मन्मथस्वामींचे समाधिस्थान. कार्तिकी पौर्णिमेला येथे यात्रा भरते, तेव्हा मराठवाड्याच्या गावोगावांहून आणि कर्नाटकाच्या सीमाभागातून वीरशैव भाविकांच्या दिंड्या पायी येऊन पोहोचतात. व्यवसायवृद्धीच्या चर्चेत यात्रेचे काय प्रयोजन, असे वाचकांस वाटेल. परंतु आपल्या वैद्यबंधूंच्या व औषधविक्रेत्यांच्या बैठकांमध्ये हा विषय निघाला की संभाषण नामफलक, हस्तपत्रके आणि दूरचित्रवाणीवरील जाहिरातींपाशीच घुटमळते. ज्याच्यासाठी हे सारे करावयाचे, तो मनुष्य कोणत्या अवस्थेत आपल्यासमोर येतो, याकडे लक्ष जात नाही. कपिलधारच्या वाटेवर ती अवस्था उघड दिसते. त्याचे पाय दुखत असतात.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात पादाभ्यंगाचे गुण सांगितले आहेत. पायांचा खरखरीतपणा, ताठरता, श्रम आणि बधिरता त्याने दूर होते; पाय फुटणे व गृध्रसी यांचेही निवारण होते. कित्येक दिवस चालून आलेल्या यात्रेकरूला याहून समर्पक असे आपल्या शास्त्रात काय आहे? तिळाचे कोमट तेल, काशाची वाटी, भेगांसाठी कोकमाचे तेल, घासलेल्या त्वचेसाठी शतधौत घृत, एवढ्या सामग्रीवर देवस्थानच्या अनुमतीने एक सेवाकक्ष उभा राहू शकतो. प्रत्येकी १५ मि.लि. धरले तरी ४०० यात्रेकरूंना ६ लिटर तेल पुरते. एवढा व्यय तालुक्यातील चार दुकानदार मिळून सहज करू शकतील. पायाला उघडी जखम असेल, आणि त्यातही रुग्ण मधुमेही असेल, तर मात्र मर्दन न करता त्याला तत्काळ रुग्णालयाकडे पाठवावे.

ऋतूही अनुकूल आहे. शार्ङ्गधराने कार्तिकाचे अखेरचे आठ दिवस आणि मार्गशीर्षाचे आरंभीचे आठ दिवस यांना यमदंष्ट्रा म्हटले असून त्या काळात अल्पाहाराचा उपदेश केला आहे. यात्रा आटोपून भाविक घरी परततात तो नेमका हाच काळ. अल्पाहाराच्या चार ओळी छापलेले पत्रक त्याच्या हाती दिले, तर तो ते घडी करून खिशात ठेवील. औषधांच्या किमतींचे पत्रक दिले, तर दुसऱ्या वळणावर टाकून देईल.

प्रत्यक्ष अनुभव देऊन विश्वास मिळविण्याची ही रीत मराठी माणसाला नवी नाही. केशव विष्णु पेंढरकर यांनी १९५२ मध्ये मुंबईत विको कंपनीची स्थापना केली, तेव्हा परळचे राहते घर हाच त्यांचा कारखाना होता. वज्रदंती हे दंतमंजन घरोघरी जाऊन विकले गेले. पुढे हळदीचे क्रीम आले, तेव्हा पिवळ्या रंगाने चेहऱ्यावर डाग पडतील ही ग्राहकाची शंका विक्रेत्यांनी ते लावून दाखवून फेडली. ही उत्पादने औषधे की प्रसाधने, हा उत्पादनशुल्काचा वादही कंपनीने सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढवून जिंकला. विकोचे जाहिरातगीत सर्वांना पाठ असते, मात्र त्यामागची ही घरोघरची पायपीट फारशी कोणी आठवत नाही. आमच्या मते व्यवसाय त्या पायपिटीने उभा राहिला. गीत नंतर आले.

आता मर्यादांविषयी. यात्रांमधून मधुमेह, लठ्ठपणा, आमवात, पांढरे डाग हमखास बरे करण्याचे फलक लावून बसणारे जडीबुटीवाले आपण सर्वांनी पाहिले आहेत. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविषयक कायद्याच्या अनुसूचीत असे ५४ रोग व विकार आहेत. त्यांवरील औषधाची जाहिरात करणे हा अपराध आहे, मग जाहिरात करणारा पदवीधर असो वा नसो. २०२४ मध्ये पतंजलीसारख्या बलाढ्य कंपनीला सर्वोच्च न्यायालयातील प्रकरणात वृत्तपत्रांतून जाहीर क्षमायाचना करावी लागली. लहान दुकानदाराची काय कथा! शिवाय वैद्याने स्वतःच्या रुग्णांसाठी सिद्ध केलेल्या औषधाला निर्मिती-अनुज्ञप्तीतून सूट असली, तरी यात्रेत सरसकट वाटावयाचे औषध त्या सुटीत बसत नाही. म्हणून तेल व घृत अनुज्ञप्तीधारक निर्मात्याचे, वेष्टनासह असावे. रुग्ण मिळविण्यासाठी स्वतःची जाहिरात करण्यास व्यावसायिक आचारसंहिता वैद्याला मनाई करते. तेव्हा कक्षावर वैयक्तिक नावांऐवजी केवळ 'पादाभ्यंग सेवा' एवढेच लिहिणे इष्ट.

येथे औषधविक्रेते विचारतील, की नाव नाही, विक्री नाही, मग आम्हांस लाभ काय? प्रश्न रास्त आहे. विपणनाच्या पुस्तकांत वस्तू, किंमत, स्थान व प्रसार असे चार आधार शिकवितात. आपल्या चिकित्साचतुष्पादात वैद्य, द्रव्य, परिचारक यांच्या बरोबरीने रुग्ण हा स्वतःच एक पाद आहे. त्याच्या गुणांत चरकाने ज्ञापकत्व गणले आहे, म्हणजे आपली व्यथा नीट सांगता येणे. पाय चोळून घेत बसलेला मनुष्य ती आपण होऊन सांगतो. गुडघा वर्षभर धरतो, अन्न पचत नाही, झोप लागत नाही. कक्षातील तरुण वैद्याने हे ऐकून, त्याच्या संमतीने एका कार्डावर चार ओळींत टिपून ते कार्ड त्याच्याच हाती द्यावे. त्याच कार्डावर त्याच्या तालुक्यातील वैद्य व औषधालये यांची यादी असावी. यादी संघटनेने करावी, नावे वर्णानुक्रमाने द्यावीत, आणि कोणाकडून त्यासाठी पैसा घेऊ नये.

खरी अडचण याच ठिकाणी आहे. निलंग्याचा किंवा उदगीरचा यात्रेकरू कपिलधारला सेवा घेणार आणि चिकित्सेसाठी आपल्या गावी जाणार. म्हणजे बीडच्या सभासदाने वेळ व पैसा खर्चून लातूर जिल्ह्यातील सभासदाकडे रुग्ण पाठवावयाचा. आलेला रुग्ण दुसऱ्याच्या दारी पाठविणे आपल्याला जड जाते, हे लपविण्यात अर्थ नाही. परंतु गुडघ्याच्या जुनाट व्यथेला महिनोन्‌महिने स्नेहन-स्वेदन व पथ्य लागते, आणि ते शंभर-दीडशे किलोमीटर दूरच्या वैद्याकडून होणे नाही. तो रुग्ण बीडकरांचा कधी नव्हताच. गावातल्या वैद्याची ओळख त्याला झाली नाही, तर दूरचित्रवाणीवर पाहिलेली बाटली तो घेईल, आणि गुण न आल्यास दोष आयुर्वेदाला देईल.

लातूर-नांदेडकडील सभासदांनीही दिंडीच्या मुक्कामाच्या गावी असाच कक्ष चालवावा आणि त्या परिसरातील रुग्णांची कार्डे स्थानिक वैद्यांकडे वळवावीत, म्हणजे व्यय एकट्या बीडवर पडणार नाही. आरंभी एकच मुक्काम व एकच कक्ष पुरे. मात्र तालुकावार यादीचे काम दिवाळीपूर्वी संपावयास हवे, कारण दिवाळीनंतर पौर्णिमेपर्यंत जेमतेम पंधरवडा उरतो आणि छापखाने तोवर लग्नपत्रिकांत गुंतलेले असतात.