पाण्याचा हक्क आणि जमिनीचा कागद

28 जुलै 2010 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पिण्याचे सुरक्षित पाणी आणि स्वच्छतेच्या सोयी मिळणे हा मानवी हक्क असल्याचे मान्य केले, आणि भारताने त्या ठरावाच्या बाजूने मतदान केले. हा हक्क वस्तीच्या तोंडाशी येऊन कसा अडतो, हे मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दिसते.

1 जानेवारी 2000 नंतर उभ्या राहिलेल्या झोपड्यांना पालिकेची नळजोडणी मिळत नसे, कारण पाणी दिले तर अतिक्रमणालाच मान्यता मिळेल अशी प्रशासनाची भूमिका होती. पाण्यावाचून तर कोणी राहू शकत नाही. त्यामुळे तेच पाणी टँकरवाल्याकडून किंवा शेजारच्या वस्तीतून हंड्यामागे पैसे मोजून, पालिकेच्या दराच्या कितीतरी पट महाग घ्यावे लागे. रांगेतले तास बहुधा बायका आणि शाळकरी मुलींच्या वाट्याला येत, आणि पिंपातले पाणी पिण्यास्वयंपाकालाच राखून ठेवायचे म्हटल्यावर अंघोळीला, कपड्यांना आणि शौचाला फार थोडे उरे. पाण्याचा आणि स्वच्छतेचा हक्क एकत्र सांगितला जातो तो याचसाठी.

पाणी हक्क समितीच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने 15 डिसेंबर 2014 रोजी दिलेला निकाल म्हणूनच महत्त्वाचा आहे. राज्यघटनेच्या कलम 21 मधील जीविताच्या हक्कात पाण्याचाही समावेश होतो, तेव्हा घर बेकायदा आहे एवढ्यावरून तिथल्या माणसाला पाणी नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. अशा वस्त्यांना जादा दर लावण्याची मुभा पालिकेला मिळाली, आणि ही त्या निकालाची उणी बाजू आहे. परंतु जमिनीचा वाद आणि माणसाची तहान या दोन गोष्टी न्यायालयाने वेगळ्या केल्या, हे त्याचे मोठे मोल.

पाणी अडवले जाण्याची ही पहिली वेळ नव्हे. 1927 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह केला; त्यावरून झालेल्या खटल्यात अस्पृश्यांना वगळण्याची रूढी पुरातन असल्याचा दावा पुढे करण्यात आला होता, आणि तो सिद्ध न झाल्याने याच उच्च न्यायालयाने 1937 मध्ये विरोधकांचे अपील फेटाळले. तेव्हा आडवी आली ती जात, आता आडवा येतो तो कागद. आणि पाण्यासाठी थांबलेल्यांत दलित व गरीब कष्टकरीच अधिक असतात.

2022 मध्ये मुंबई महापालिकेने ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरण आणले. त्याचे यश जोडण्यांच्या संख्येपेक्षा एका साध्या कसोटीवर तपासावे: जागतिक आरोग्य संघटनेच्या मते माणशी रोज 50 ते 100 लिटर पाणी लागते, आणि ते आणण्यास अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागता कामा नये. पालिकेने वस्तीवार ही नोंद ठेवून ती नागरिकांपुढे मांडली पाहिजे.