जॉबर गेला, मग आले कोण?

मुंबईच्या कापडगिरण्यांत एकेकाळी कामगाराला नोकरी मालक देत नसे आणि व्यवस्थापकही देत नसे. ती जॉबर देत असे. बदली कामगार सकाळी गिरणीच्या दारात येऊन उभा राही आणि आज कोणाला आत घ्यायचे, कोणाला परत पाठवायचे, हे जॉबरच्या मर्जीवर ठरे. या मर्जीची किंमत म्हणजे दस्तुरी. भरती आणि हकालपट्टीचा हा अधिकार जॉबरकडून काढून घ्यावा आणि गिरण्यांत कामगार अधिकारी नेमावेत, अशी शिफारस भारतातील कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटले आयोगाने १९३१च्या अहवालात केली. १९३४च्या सार्वत्रिक संपानंतर मुंबई सरकारने कायदा करून स्वतःचा लेबर ऑफिसर नेमला. पुढे १९४८च्या फॅक्टरी कायद्याच्या ४९व्या कलमाने पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या प्रत्येक कारखान्यात कल्याण अधिकारी सक्तीचा केला. पदे कायद्याने निर्माण झाली, पण ती भरायची कोणी आणि त्या माणसाने वागायचे कसे, हे कायदा शिकवू शकत नव्हता.

ती उणीव व्यावसायिक संघटनांनी भरून काढायची होती. मुंबईत १९३६मध्ये नागपाड्यात सर दोराबजी टाटांच्या नावाने समाजकार्याचे विद्यालय सुरू झाले होते आणि तिथून शिकलेली माणसे कारखान्यांत जाऊ लागली होती. १९४८मध्ये कलकत्त्यात इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पर्सोनेल मॅनेजमेंट आणि १९५०मध्ये मुंबईत नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ लेबर मॅनेजमेंट स्थापन झाली. १९८०मध्ये दोन्हींचे विलीनीकरण होऊन आजची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ पर्सोनेल मॅनेजमेंट झाली. अशा संस्थांची उद्दिष्टे म्हणून प्रशिक्षण, परिषदा, ज्ञानाची देवाणघेवाण असे सांगितले जाते. ते खरेच आहे, पण माझ्या मते मुख्य काम वेगळे आहे. मालक आणि कामगार यांच्या मध्ये उभ्या असलेल्या माणसाला कोणाच्याही मर्जीबाहेरचा आधार देणे, हे ते काम.

यावर रास्त आक्षेप असा, की हा अधिकारी पगार मालकाचा घेतो; मग तो तटस्थ कसा राहणार? ही अडचण नियम करणाऱ्यांनाही ठाऊक होती. पंजाबच्या १९५२च्या नियमांत कल्याण अधिकाऱ्याला कामावरून काढल्यास राज्य सरकारकडे अपील करण्याची सोय होती. एका सिमेंट कारखान्याने आपल्या अधिकाऱ्याला काढले, सरकारने त्याला परत घेण्याचा आदेश दिला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे १९६४मध्ये कंपनीचे अपील फेटाळले गेले. म्हणजे पगार मालकाचा असला तरी त्या पदाला संरक्षण देता येते. मात्र एकट्या माणसाने न्यायालयापर्यंत लढावे, ही अपेक्षा फार मोठी आहे. तिथे पाठीशी संघटना हवी.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे: अशा संघटनेच्या हाती सक्तीचा अधिकारच नाही. चार्टर्ड अकाउंटंटांच्या संस्थेला १९४९चा स्वतंत्र कायदा आहे, तिच्या सदस्यत्वाशिवाय तो व्यवसाय करता येत नाही. व्यवस्थापकांचे तसे नाही. सदस्यत्व ऐच्छिक, त्यामुळे आचारसंहिता मोडणाऱ्याची नोकरी तशीच चालू राहू शकते. तरीही परवान्याची सक्ती मला योग्य वाटत नाही. कामगारांतून वर आलेला, पदवी नसलेला पण माणसे ओळखणारा पर्यवेक्षक अशा सक्तीने बाहेर फेकला जाईल. या संघटनांची खरी कसोटी कंत्राटी कामगारांच्या बाबतीत लागते. फॅक्टरी कायद्याच्या व्याख्येत कंत्राटदारामार्फत आलेलाही कामगारच होता, म्हणजे कल्याण अधिकाऱ्याची जबाबदारी त्याच्यापर्यंत पोहोचत होती. पण त्याची भरती कंत्राटदाराच्या मुकादमाच्या हाती असेल, तर जुनीच व्यवस्था नव्या नावाने परतली आहे. फॅक्टरी कायद्याची जागा घेणाऱ्या २०२०च्या कामगार संहितेने कल्याण अधिकाऱ्यासाठीची मर्यादा अडीचशे कामगारांवर आणली, त्यामुळे ही पदे वाढायला हवीत. व्यवस्थापकांच्या संघटनांनी आता कंत्राटी भरतीबाबत सदस्यांसाठी स्पष्ट नियम घालून द्यावेत आणि ते पाळल्यामुळे ज्याची नोकरी जाईल, त्याच्या खटल्याचा खर्च उचलावा.