भीतीचा विकार आणि औषधाचे पहिले पंधरा दिवस

ताप आला असतां औषध घेणारा मनुष्य एक साधी अपेक्षा बाळगतो : आज गोळी घेतली, उद्यां ताप उतरावा. ही अपेक्षा आपल्या हाडींमासीं खिळलेली आहे, आणि बहुतेक दुखण्यांत ती फारशी चुकतहि नाहीं. परंतु एक विकार असा आहे कीं, त्यावरील योग्य औषध सुरू केल्यावर पुष्कळ रोग्यांस पहिले कांहीं दिवस बरें वाटण्याऐवजीं अधिकच वाईट वाटतें. आणि हें आधीं कोणीं सांगितलेलें नसल्यामुळें ते चौथ्या-पांचव्या दिवशीं औषध टाकून देतात. हा विकार म्हणजे अकस्मात् उद्भवणाऱ्या भीतीचा विकार होय. डॉक्टर त्याला पॅनिक डिसऑर्डर म्हणतात. त्या पहिल्या दिवसांत रोग्यानें व घरच्या मंडळींनीं कसें वागावें, हा या लेखाचा विषय आहे. आम्ही वैद्य नव्हों, शाळामास्तर. औषध कोणतें व किती हें डॉक्टरांनीं ठरवावयाचें. पण घेतलेल्या गोष्टीचा अर्थ समजून घेणें हें ज्याचें त्याचें काम आहे.

विकाराचें स्वरूप

पॅनिक हा शब्द ग्रीकांच्या पॅन नांवाच्या वनदेवावरून आला. रानांत कळपच्या कळप एकाएकीं उधळावा आणि कारण कांहींच दिसूं नये, अशा वेळीं ही त्या देवाची करणी असें ते लोक मानीत. येथें व्युत्पत्तीच रोगाचें लक्षण सांगते : भीति आहे, पण भिण्याजोगें समोर कांहीं नाहीं. गीतेच्या पहिल्या अध्यायांत अर्जुनाची जी अवस्था वर्णिली आहे, तींत गात्रें गळणें, तोंडास कोरड पडणें, अंगास कंप सुटणें, हातांतून धनुष्य निसटणें हीं सर्व लक्षणें आहेत. या रोग्यास तें वर्णन आपलेंच वाटेल. भेद एवढाच कीं, अर्जुनापुढें दोन सैन्यें उभीं होतीं. या रोग्याच्या हातांत त्या वेळीं बहुधा भाजीची पिशवी असते.

झटका आला म्हणजे छाती धडधडते, श्वास पुरेनासा होतो, घाम फुटतो, हातापायांस मुंग्या येतात, आणि ‘आतां आपण मरणार’ किंवा ‘आपणांस वेड लागणार’ अशी मनाची खात्री होते. हा पूर बहुधा दहा मिनिटांच्या आंत शिगेस पोंचतो व मग ओसरतो. असा एखादा झटका पुष्कळांस आयुष्यांत केव्हां तरी येतो. तेवढ्यानें तो रोग ठरत नाहीं. झटके ध्यानींमनीं नसतां पुनः पुनः येऊं लागले, आणि ‘पुढचा केव्हां येईल’ या धास्तीनें महिना-महिना मनुष्याचें हिंडणें-फिरणें आखडलें, म्हणजे तो विकार समजावा. मात्र हृदयाचे व गळ्यांतील थायरॉइड ग्रंथीचे कांहीं रोग हींच लक्षणें दाखवितात. म्हणून हृदयाचा आलेख व रक्ताची तपासणी आधीं करून घेणें अवश्य आहे. ‘हे सारे मनाचे खेळ’ असा निवाडा घरीं बसून कोणीं देऊं नये.

हा विकार आजच्या धकाधकीनें निर्माण केला असें म्हणण्याची चाल पडली आहे; पण तो जुना आहे. अमेरिकेंतील यादवी युद्धांतल्या शिपायांत याच्याशीं पुष्कळसा जुळणारा प्रकार पाहून जेकब डा कोस्टा या डॉक्टरानें १८७१ सालीं त्याचें वर्णन ‘चिडखोर हृदय’ या नांवाखालीं केलें. १८९५ सालीं फ्रॉइडनें चिंतारोगाचें जें स्वतंत्र वर्णन केलें, त्यांतहि असे झटके आहेत. १९८० सालीं अमेरिकेंतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनें आपल्या रोगसूचींत त्यास आजचें नांव देऊन वेगळें स्थान दिलें.

एक उदाहरण

आमच्या एका भाचीची हकीकत तिच्या संमतीनें येथें देतों. ती डोंबिवलीस राहते व मुंबईस बँकेंत नोकरी करते. २०२३ सालच्या पावसाळ्यांत सकाळच्या जलद गाडीनें जात असतां ठाणें सुटल्यावर तिला पहिला झटका आला. पुढील स्टेशनापर्यंत आतां ही गाडी थांबणार नाहीं, हा एकच विचार तिला त्या वेळीं असह्य झाला. रुग्णालयांत तपासण्या झाल्या. हृदय निर्दोष निघालें. परंतु त्या महिन्यांत आणखी तीन झटके आले. गाडीचा प्रवास सुटला, मग रिक्षाचा सुटला, मग एकटीनें वाण्याकडे जाणेंहि सुटलें. राजीनाम्याचें पत्र लिहून तयार होतें. अखेर जांवई तिला मनोविकारतज्ज्ञांकडे घेऊन गेले. त्यांनीं सर्ट्रालीन नांवाचें औषध दिलें : पहिला आठवडा रोज २५ मिलिग्रॅम व मग ५०.

तिसऱ्या दिवशीं मळमळ सुरू झाली, हात कांपूं लागले, पहाटे तीनला जाग येऊं लागली, आणि पांचव्या दिवशीं न्हाणीघरांत पुनः झटका आला. त्या संध्याकाळीं तिनें आम्हांस फोन केला. ती म्हणाली, ‘‘मामा, ज्यासाठीं औषध घेतलें तेंच औषधानें वाढलें. मग मीं तें कां घ्यावें?’’

प्रश्नांत तर्कदोष काढण्यासारखा नव्हता. आम्ही एवढेंच म्हणालों, ‘‘बाळ, सोडावयाचें असलें तर सोड; पण ज्यांनीं दिलें त्यांस विचारून सोड.’’ दुसऱ्या दिवशीं तिनें विचारलें. डॉक्टरांनीं कांहीं दिवसांपुरती मात्रा निम्मी केली, गोळी सकाळीं खाणें झाल्यावर घेण्यास सांगितलें, आणि या त्रासाचा अर्थ समजावून दिला. राजीनाम्याचें पत्र तूर्त खणांतच राहिलें.

असें कां होतें?

या विकारावर हल्लीं प्रथम दिलीं जाणारीं औषधें, म्हणजे सर्ट्रालीन, एस्सिटालोप्राम, पॅरोक्सेटीन, फ्लुओक्सेटीन इत्यादि, एकाच कुळांतील आहेत. मेंदूंतील एका पेशीकडून दुसरीकडे निरोप नेणारें सिरोटोनिन नांवाचें एक द्रव्य आहे. काम झाल्यावर पेशी तें परत शोषून घेते. हें शोषण हीं औषधें रोखतात. रोखण्याचें काम पहिल्या गोळीपासून सुरू होतें. परंतु या बदलाशीं जुळवून घेऊन मेंदूनें आपली घडी नव्यानें बसविणें हें कांहीं आठवड्यांचें काम आहे. म्हणून त्रास आधीं व गुण मागाहून. शिवाय शरीरांतील बहुतेक सिरोटोनिन, सुमारें ९० टक्के, आंतड्यांत असतें. मनासाठीं घेतलेल्या औषधानें पोट कां ढवळतें, याचें उत्तर त्यांत आहे.

या रोग्यास तो त्रास इतरांहून जड जातो. त्याचें कारण डेव्हिड क्लार्क या इंग्रज मानसशास्त्रज्ञानें १९८६ सालीं मांडलेल्या उपपत्तींत सांपडतें. हा रोगी शरीरांतील लहानशा संवेदनेचा अर्थ ‘घात झाला’ असा लावतो. त्या अर्थानें भीति वाढते, आणि भीतीनें संवेदना वाढते. आतां औषधच थोडी धडधड व थोडा कंप उत्पन्न करूं लागलें, तर त्याचाहि अर्थ तो तसाच लावणार. इतरांस मळमळ ही मळमळच असते. याला ती मृत्यूची नांदी वाटते. म्हणूनच डॉक्टर येथें नेहमीच्या निम्म्या मात्रेनें आरंभ करतात. मात्रा लहान दिली म्हणजे रोग किरकोळ ठरविला, असें समजूं नये.

त्रास आणि उपाय

मळमळ, डोकेदुखी, पातळ शौच, घाम, हातांचा कंप, झोंपमोड आणि वाढलेली अस्वस्थता हे आरंभींचे नेहमीचे त्रास होत. ते बहुधा एक-दोन आठवड्यांत ओसरतात. गोळी अनशेपोटीं न घेतां खाण्याबरोबर घेतल्यास मळमळ कमी होते. आपल्या घरांतून एकादशी, चतुर्थी व श्रावणांतले उपास असतात. त्या दिवशीं दूध-केळें कांहीं तरी घेऊन मगच गोळी घ्यावी, आणि उपास म्हणून गोळी चुकवूं नये. झोंप मोडत असेल तर औषध सकाळीं, आणि गुंगी येत असेल तर रात्रीं घेण्याविषयीं डॉक्टरांस विचारावें. चहा-कॉफी कमी करावी. कॉफीनें होणारी धडधड या रोग्यास नको आहे. एखादी गोळी राहिली तर दुसऱ्या दिवशीं दोन घेऊं नयेत.

एक गोष्ट आपल्याकडे संकोचानें दडविली जाते. या औषधांनीं दांपत्यसुखांत उणेपणा येऊं शकतो, स्त्रियांस व पुरुषांस दोघांसहि. आणि तो इतर त्रासांप्रमाणें आपोआप जाईलच असें नाहीं. त्यासाठीं मुकाट्यानें औषध सोडण्यापेक्षां डॉक्टरांपाशीं बोलणें शहाणपणाचें आहे. मात्रा किंवा औषध बदलतां येतें.

आणखी सावधगिरी अशी. अस्पिरिन, आयबुप्रोफेन यांसारखीं वेदनाशामकें बरोबर घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो, आणि ट्रॅमाडॉलशीं या कुळाचें पटत नाहीं. म्हणून चालू असलेलीं सर्व औषधें, काढे व गुटिकासुद्धां, डॉक्टरांस सांगावीं. वृद्धांच्या रक्तांतील सोडियम उतरून भ्रम होऊं शकतो. अंगावर पुरळ वा सूज येणें, तापाबरोबर अंग ताठरून भ्रम होणें, झोंपेवांचून विलक्षण उत्साह चढणें, किंवा जीव नकोसा होण्याचे विचार येणें, यांपैकीं कांहीं झाल्यास त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा. शेवटच्या लक्षणाकडे पंचविशीच्या आंतील मुलामुलींत विशेष लक्ष ठेवावें.

कित्येक डॉक्टर आरंभींच्या आठवड्यांत क्लोनाझेपाम किंवा अल्प्राझोलाम यांची थोडी जोड देतात. हें कुळ निराळें. त्याचा गुण तासाभरांत दिसतो, आणि त्यांतच त्याचा मोह आहे. कांहीं आठवड्यांनीं त्याची संवय जडते, गुंगीनें तोल जातो, म्हातारीं माणसें पडतात. तें ठरल्या दिवसांपुरतेंच घ्यावें. आणि ‘शेजारणीस याच गोळीनें बरें वाटलें’ म्हणून पहिलें औषध सोडून हेंच धरून बसूं नये.

घरच्यांचें काम

औषधाचा गुण यावयास बहुधा चार ते सहा आठवडे लागतात, कित्येकांस त्याहून अधिक. एवढा काळ रोग्यास रोज ‘आज कसें वाटतें?’ असें विचारणें म्हणजे रुजत घातलेलें बीं रोज उकरून पाहणें होय. ‘मन घट्ट कर’ हाहि उपदेश निरुपयोगी आहे. घट्ट करावयाचें तें मनच आजारी आहे. झटका आला तर शेजारीं बसावें, हळू बोलावें, श्वास सावकाश सोडावयास सांगावें, आणि तो ओसरेपर्यंत उठूं नये.

दुसरें काम टिपणाचें. न्यूयॉर्कच्या हिलसाइड रुग्णालयांत १९६० च्या सुमारास डोनाल्ड क्लाइन हे डॉक्टर इमिप्रामीन हें नवें औषध अशा रोग्यांस देऊन पाहत होते. तीन आठवडे झाले तरी रोगी म्हणे गुण नाहीं, उपचार करणारेहि तेंच म्हणत. फरक ओळखला तो कक्षांतील परिचारिकेनें : हा मनुष्य ‘मी मरतों’ म्हणत रोज आमच्या टेबलाकडे धांवत येई, तो आतां येत नाहीं! या निरीक्षणापासून निघालेल्या कामामुळें हा विकार इतर चिंतारोगांहून वेगळा ओळखला जाऊं लागला. क्लाइन यांचा तत्संबंधीचा निबंध १९६४ सालीं प्रसिद्ध झाला.

आमच्या भाचीच्या घरीं हें काम तिच्या सासूबाईंनीं केलें. दुधाचा हिशेब लिहिण्याच्या भिंतीवरील दिनदर्शिकेवर, सुनेचा घाबरून फोन आला कीं त्या दिवशीं त्या एक फुली करीत. पांचव्या आठवड्यांतहि सून ‘कांहीं फरक नाहीं’ असेंच म्हणत होती. सासूबाईंनीं दिनदर्शिका उतरवून तिच्यापुढें ठेवली व म्हणाल्या, ‘‘हें बघ, नऊ दिवसांत एकहि फुली नाहीं.’’ दुसऱ्या आठवड्यांत ती जांवयांबरोबर गाडीनें ठाण्यापर्यंत गेली. महिन्यानें एकटी बँकेंत गेली. औषधाबरोबर विचारांची व वर्तनाची पद्धतशीर शिकवणूक देणारी मानसोपचारपद्धति आहे, तिचाहि तिला उपयोग झाला. ती पद्धति एकट्यानेंहि गुणकारी ठरते, आणि कित्येकांस औषधाची गरजच पडत नाहीं.

सोडतांना

गुण आल्यावरहि औषध निदान सहा महिने, बहुधा वर्षभर चालू ठेवतात. बरें वाटलें म्हणून एकदम सोडल्यास चक्कर, चिडचिड, डोक्यांत विजेची चुणूक चमकल्यासारखें होणें असे प्रकार होतात; पॅरोक्सेटीनमध्यें ते विशेष, फ्लुओक्सेटीन शरीरांत फार दिवस रेंगाळत असल्यामुळें त्यांत कमी. ही संवय लागल्याची खूण नव्हे. घाईची शिक्षा आहे. मात्रा हळूहळू उतरवीत नेली म्हणजे बहुतेकांचें निभावतें. आमच्या भाचीचें औषध चौदा महिने चाललें व पुढें तीन महिन्यांत उतरविलें. त्यानंतर तिला दोनदां झटका आला. दोन्ही वेळां ती गाडींतच बसून राहिली, आणि आपल्या स्टेशनावर उतरली.

म्हणून आमची वाचकांस एवढीच विनंति आहे. पहिली गोळी घेण्यापूर्वींच डॉक्टरांस तीन प्रश्न विचारावे : पहिल्या पंधरा दिवसांत काय होईल? कशासाठीं तुम्हांस लगेच कळवावें? आणि गुण केव्हां पाहावा? उत्तरें कागदावर लिहून घरांत सर्वांस दिसतील अशीं लावावीं. जवळ डॉक्टर नसल्यास केंद्र सरकारनें १० ऑक्टोबर २०२२ रोजीं सुरू केलेल्या टेलि-मानस या सेवेस १४४१६ या क्रमांकावर केव्हांहि विनामूल्य फोन करतां येतो. तेथें मराठींतहि बोलतात. येणारा त्रास आधीं ठाऊक असला म्हणजे तो आला तरी त्याची भीति वाटत नाहीं. आणि या विकारांत तेवढ्यानेंच अर्धें काम होतें.