कोड एडिटरमधील रंगांकन : बदलानंतरचे नूतनीकरण

कोड एडिटर आज्ञावलीतील खुणा, अवतरणांतील मजकूर आणि टिप्पण्या निरनिराळ्या रंगांत दाखवतो. मजकूर बदलला की हे रंगही नव्याने ठरवावे लागतात.

समजा, बुलडाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराविषयी आपण 300 ओळींचे एचटीएमएल पान लिहीत आहात. 40व्या ओळीत 'ज्वालामुखीजन्य' हा जुना समज खोडून 'उल्काघाताने बनलेले' असे लिहिले, तर तपासणी त्या ओळीपुरतीच पुरते. मात्र तेथे चुकून टिप्पणीचे आरंभचिन्ह टंकले गेले, तर समाप्तिचिन्ह येईपर्यंतचा सारा मजकूर टिप्पणी ठरतो. ब्राउझर टिप्पणी वाचकाला दाखवत नाही. त्यामुळे सरोवराची माहितीच लुप्त होते. बदललेला रंग हीच लेखकाला मिळणारी पहिली सूचना असते.

प्रत्येक कळीगणिक संपूर्ण पान वाचल्यास टंकन अडखळते. केवळ बदललेली ओळ वाचल्यास पुढील रंग खोटे ठरतात. म्हणून अनेक एडिटर प्रत्येक ओळीअखेरची स्थिती, म्हणजे आपण टिप्पणीच्या आत आहोत की बाहेर, नोंदवून ठेवतात. बदललेल्या ओळीपासून पुनर्वाचन सुरू होते. पुढे एखाद्या ओळीअखेरची नवी स्थिती जुन्या नोंदीशी जुळली की ते थांबते; कारण त्याखालचे रंग आता बदलणार नसतात.

कथेत अवतरणचिन्ह मिटवायचे राहिले, तर पात्राचे बोलणे कोठे संपले हे वाचकाला कळत नाही. तत्त्व तेच आहे : चिन्हाचा अर्थ त्याच्या ओळीपुरता नसतो.

आपली प्रगती तपासा : पुनर्वाचन नेमके कोठे थांबते व का?