कोविडोत्तर म्युकरमायकोसिस : डोके व मानेतील गुंतागुंतीच्या निदानात वैद्यकीय प्रतिमांकनाचे स्थान

बीजसंज्ञा : कोविड-१९, म्युकरमायकोसिस, सीटी स्कॅन, एमआरआय, सायनस, नेत्रकोटर

प्रस्तावना :

११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविड-१९ ही जागतिक महामारी असल्याचे जाहीर केले. हा आजार प्रामुख्याने फुप्फुसांचा म्हणून ओळखला गेला आणि २०२१ पर्यंत छातीच्या सीटी स्कॅनचा ‘स्कोअर’ हा शब्द महाराष्ट्रात घरोघरी पोहोचला. तथापि या विषाणूचा शरीरातील प्रवेश नाक व घशावाटे होतो. त्यामुळे डोके व मान या भागांतही त्याचे परिणाम दिसून आले. यांपैकी काही परिणाम सौम्य व तात्पुरते होते, तर काहींनी रुग्णाची दृष्टी, जबडा आणि प्रसंगी प्राणही हिरावून घेतले. दुसऱ्या प्रकारात म्युकरमायकोसिस अर्थात ‘काळी बुरशी’ या आजाराचा अग्रक्रम लागतो. या आजारात वैद्यकीय प्रतिमा नेमके काय सांगतात व काय सांगू शकत नाहीत, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

उद्दिष्टे :

१. कोविड रुग्णांतील डोके व मानेच्या गुंतागुंतींचा संक्षिप्त परिचय करून देणे.
२. म्युकरमायकोसिसच्या प्रसाराचा मार्ग स्पष्ट करणे.
३. सीटी स्कॅन व एमआरआय या तंत्रांची उपयुक्तता व मर्यादा विशद करणे.

डोके व मानेतील गुंतागुंती :

वास न येणे हे कोविडचे सर्वपरिचित लक्षण होय. २०२० मध्ये इटलीतील एका तरुण रुग्णाच्या मेंदूच्या एमआरआयमध्ये गंधाशी निगडित भागात तात्पुरता बदल आढळला व सुमारे चार आठवड्यांनंतर तो नाहीसा झाला. रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढल्याने काही रुग्णांत मेंदूच्या धमन्या अथवा शिरा बंद पडल्या. दीर्घकाळ कृत्रिम श्वसनावर असलेल्या रुग्णांत श्वासनलिका आकसण्याचा धोका राहिला, तर काहींमध्ये फुप्फुसातून निसटलेली हवा मानेच्या त्वचेखाली साठली. या सर्व अवस्थांत प्रतिमांकन उपयोगी पडले. परंतु भारतात संख्येने व तीव्रतेने सर्वांत मोठे आव्हान म्युकरमायकोसिसनेच उभे केले.

म्युकरमायकोसिसची पार्श्वभूमी :

या आजारास कारणीभूत असणारी रायझोपस व तत्सम बुरशी माती, कुजणारा पालापाचोळा व शिळे अन्न यांत सर्वत्र आढळते. निरोगी व्यक्तीच्या श्वासावाटे तिचे बीजाणू आत गेले तरी पांढऱ्या पेशी त्यांचा नायनाट करतात. अनियंत्रित मधुमेहात ही संरक्षक यंत्रणा दुबळी होते. रक्तातील आम्लता वाढल्यास बुरशीच्या वाढीस आवश्यक असणारे लोहही सहज उपलब्ध होते. जून २०२० मध्ये ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीतून डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड प्राणवायूची गरज असणाऱ्या रुग्णांचे मृत्यू कमी करते, असे सिद्ध झाले. प्राणवायूची गरज नसणाऱ्यांना मात्र त्याचा लाभ दिसला नाही. जेथे गरजेविना, अधिक मात्रेत अथवा दीर्घकाळ स्टेरॉइड दिले गेले, तेथे रक्तशर्करा वाढून बुरशीस पोषक स्थिती निर्माण झाली. मे २०२१ मध्ये केंद्र शासनाने राज्यांना हा आजार साथरोग अधिनियम १८९७ अन्वये अधिसूचित करण्यास सांगितले. नोव्हेंबर २०२१ अखेर देशात ५१ हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली होती. सर्वाधिक रुग्ण असलेल्या राज्यांत महाराष्ट्र व गुजरात यांचा समावेश होता.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ‘काळी’ हे विशेषण बुरशीच्या रंगामुळे आलेले नाही. ही बुरशी रक्तवाहिन्यांच्या भिंतीत शिरते व आत रक्ताची गुठळी निर्माण करते. रक्तपुरवठा खंडित झाल्याने ऊती मृत होऊन काळ्या पडतात. प्रतिमांकनाचे जवळजवळ सर्व निष्कर्ष या एका प्रक्रियेतून उलगडतात.

प्रसाराचा मार्ग सामान्यतः ठरावीक असतो. बुरशी प्रथम नाकाच्या अंतस्त्वचेत रुजते, तेथून गालाच्या व डोळ्यांमधील हाडांतील पोकळ्यांत म्हणजे सायनसमध्ये पसरते. पुढे ती नेत्रकोटरात आणि अखेरीस कवटीच्या तळातून मेंदूपर्यंत पोहोचते. २०२१ मध्ये हैदराबाद येथील नेत्रतज्ज्ञ डॉ. संतोष होनावर यांनी मांडलेले नाक, सायनस, नेत्रकोटर व मेंदू असे चार टप्प्यांचे वर्गीकरण याच क्रमावर आधारलेले आहे. टाळूकडे प्रसार झाल्यास वरच्या जबड्याचे हाड कुजते. अनेक रुग्ण दात हलू लागल्याची तक्रार घेऊन प्रथम दंतवैद्याकडे आले, त्याचे कारण हेच होय.

सीटी स्कॅन व एमआरआय :

सीटी स्कॅनमध्ये क्ष-किरण शरीरातून विविध कोनांतून आरपार जातात व संगणक त्यांच्या शोषणावरून आडवे छेद रचतो. या शोधासाठी कॉर्मॅक व हाउन्सफिल्ड यांना १९७९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. हाडांचे सूक्ष्म तपशील दाखविण्यात हे तंत्र सरस असून तपासणी काही मिनिटांत पूर्ण होते. एमआरआयमध्ये प्रबळ चुंबकीय क्षेत्रात शरीरातील हायड्रोजनच्या अणुकेंद्रांकडून मिळणाऱ्या रेडिओ संकेतांपासून प्रतिमा तयार होते. त्याच्या विकासासाठी लॉटरबर व मॅन्सफिल्ड यांना २००३ मध्ये नोबेल देण्यात आले. स्नायू, चरबी, नसा व मेंदू यांतील फरक एमआरआय अधिक स्पष्ट दाखवितो. त्यामुळे शस्त्रक्रियेपूर्वी हाडांचा नकाशा सीटी स्कॅन देतो आणि आजाराची खरी सीमा एमआरआय देतो, असे स्थूलमानाने म्हणता येईल.

प्रतिमांतील प्रमुख निष्कर्ष :

सायनसच्या अस्तराची सूज हा सीटी स्कॅनमधील आरंभीचा बदल होय. परंतु साध्या सर्दीतही तो दिसतो. अधिक महत्त्वाची खूण गालाच्या सायनसच्या मागील चरबीत आढळते. ही चरबी निरोगी अवस्थेत एकसारखी गडद दिसते. तिच्यात धूसर रेषा दिसू लागल्यास आजाराने सायनसची सीमा ओलांडल्याची शंका घ्यावी लागते. विशेष म्हणजे मधले हाड त्या वेळी शाबूत असू शकते. बुरशी रक्तवाहिन्या व नसांच्या वाटेने पुढे सरकत असल्याने तिला हाड फोडण्याची गरज भासत नाही. ‘हाड सुरक्षित, म्हणजे रुग्ण सुरक्षित’ हा निष्कर्ष म्हणूनच घातक ठरतो. हाडाची झीज ही बहुधा उशिरा दिसणारी खूण आहे.

एमआरआयमध्ये गॅडोलिनियमयुक्त औषध शिरेतून दिल्यावर रक्तपुरवठा असणारी नाकाची अंतस्त्वचा उजळ दिसते. नाकाच्या आतील बाजूस शिंपल्यासारख्या वळणाच्या शंखिका असतात. त्यांच्या अस्तरात रक्त पोहोचत नसेल, तर तो भाग औषध दिल्यानंतरही काळाच राहतो. या खुणेस ‘काळी शंखिका’ असे संबोधले जाते. निरोगी व्यक्तीतही क्वचित असे दृश्य दिसू शकते. त्यामुळे रुग्णाची लक्षणे व नाकाची दुर्बिणीद्वारे तपासणी यांच्याशी ते ताडून पाहावे लागते.

नेत्रकोटरातील प्रसारात चरबी धूसर होते, स्नायू सुजतात व डोळा पुढे येतो. दाब फार वाढल्यास गोलाकार डोळ्याची मागील बाजू ताणली जाऊन शंकूसारखी दिसते. एमआरआयमधील डिफ्यूजन या विशेष पद्धतीत पाण्याच्या रेणूंची हालचाल मोजली जाते. दृष्टिनसेत ही हालचाल खुंटलेली आढळल्यास नसेचा रक्तपुरवठा थांबल्याचे सूचित होते. नेत्रकोटराच्या मागे असलेल्या कॅव्हर्नस सायनस या शिरांच्या जाळ्यातून डोळा हलविणाऱ्या नसा व मेंदूकडे जाणारी मुख्य धमनी जाते. तेथे आजार पोहोचल्यास पापणी पडते, डोळा स्थिर होतो आणि धमनी बंद पडून पक्षाघात होऊ शकतो. डोळा वाचविता येईल की काढावा लागेल, हा कठीण निर्णय घेताना शल्यविशारदास या प्रतिमांचा मोठा आधार असतो.

मर्यादा व व्यावहारिक अडचणी :

प्रतिमा कितीही स्पष्ट असली तरी अंतिम निदान ऊतीच्या तपासणीनेच होते. सूक्ष्मदर्शकाखाली रुंद, क्वचितच आडपडदे असलेले व साधारण काटकोनात फुटणारे तंतू दिसणे हा त्याचा आधार होय. मात्र प्रबळ संशय असताना अहवालाच्या प्रतीक्षेत उपचार लांबविणे योग्य नसते.

दुसरी अडचण मूत्रपिंडाची आहे. या आजारावरील प्रमुख औषध अँफोटेरिसिन-बी मूत्रपिंडास अपायकारक ठरू शकते आणि मूत्रपिंडाचे कार्य फार खालावलेले असल्यास गॅडोलिनियमचा वापर जपून करावा लागतो. मधुमेही रुग्णांत हा पेच वारंवार उद्भवतो. अशा वेळी डिफ्यूजन व औषधविरहित प्रतिमांचा आधार घेतला जातो.

तिसरी अडचण प्राणवायूवरील रुग्णाची. एमआरआयसाठी बराच वेळ निश्चल पडून राहावे लागते आणि साधा लोखंडी सिलिंडर त्या कक्षात नेणे जीवघेणे असते. २०१८ मध्ये मुंबईतील एका रुग्णालयात अशाच सिलिंडरमुळे एका व्यक्तीस प्राण गमवावे लागले होते. शिवाय एमआरआयची सुविधा प्रत्येक तालुक्यात नाही. तेथे त्वरित केलेला व काळजीपूर्वक वाचलेला सीटी स्कॅन हाच पहिला आधार ठरतो.

निष्कर्ष :

१. म्युकरमायकोसिस हा मूलतः रक्तवाहिन्यांवर आघात करणारा आजार असल्याने प्रतिमेत केवळ सूज नव्हे, तर रक्तपुरवठ्याचा अभाव शोधणे महत्त्वाचे ठरते.
२. हाड शाबूत असणे हा आजार मर्यादित असल्याचा पुरावा नव्हे.
३. सीटी स्कॅन व एमआरआय ही तंत्रे परस्परपूरक आहेत. शस्त्रक्रियेनंतरही आजार उरला आहे का, हे पाहण्यासाठी तपासणी पुन्हा करावी लागते.
४. ५ मे २०२३ रोजी कोविडविषयक जागतिक आरोग्य आणीबाणी संपुष्टात आली. परंतु मधुमेहाचे मोठे प्रमाण कायम असल्याने म्युकरमायकोसिसचा धोका टळलेला नाही. मधुमेही व्यक्तीस गालावर बधिरपणा, एका बाजूची डोकेदुखी, दात हलणे किंवा एक वस्तू दोन दिसणे अशी लक्षणे जाणवल्यास त्वरित तपासणी होणे अत्यावश्यक आहे. या आजारात प्रतिमेचे मोल तिच्या स्पष्टतेइतकेच ती किती वेळेत घेतली यावरही अवलंबून असते.