क जीवनसत्त्वाचे त्वचेतील शोषण : लिंबाच्या फोडीपासून सीरमपर्यंत

वाशीम जिल्ह्यात लिंबू व संत्र्याच्या बागा आहेत आणि उन्हाने रापलेल्या चेहऱ्यावर लिंबाची फोड चोळण्याचा घरगुती उपायही सर्वपरिचित आहे. अलीकडे विद्यार्थ्यांच्या हाती क जीवनसत्त्वाच्या सीरमच्या बाटल्या दिसू लागल्या आहेत. दोहोंमागील समजूत एकच : जीवनसत्त्व त्वचेवर लावले की ते आत जाते. वस्तुतः ते सहजासहजी जात नाही.

त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशी व त्यांमधील स्निग्ध द्रव्ये यांचा बनलेला असतो. क जीवनसत्त्व, म्हणजे ॲस्कॉर्बिक आम्ल, पाण्यात सहज विरघळते. परंतु द्रावणात त्याचे रेणू ऋणप्रभारित होतात व प्रभारित रेणूला स्निग्ध थर ओलांडणे कठीण जाते. या आम्लाचे पीकेए मूल्य सुमारे ४.२ आहे. सामू ३.५ पर्यंत उतरवल्यास शेकडा ८० हून अधिक रेणू प्रभाररहित राहतात, ५.२ सामूला दहातील जेमतेम एक. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे शेल्डन पिनेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये डुकराच्या त्वचेवरील प्रयोगांतून दाखवले की, शोषणासाठी सामू ३.५ हून कमी हवा आणि संहती २० टक्क्यांपलीकडे वाढवून लाभ नाही. तीन दिवस रोज लावल्यावर त्वचेतील पातळी संपृक्त झाली. तिचा अर्धायुकाल सुमारे चार दिवस आढळला. मॅग्नेशियम ॲस्कॉर्बिल फॉस्फेटसारख्या टिकाऊ संयुगांनी मात्र ही पातळी वाढली नाही.

मग लिंबू का चालू नये? त्याच्या रसाचा सामू २ ते ३ च्या दरम्यान असतो, म्हणजे अनुकूलच. उणीव संहतीची आहे. रसात क जीवनसत्त्व सुमारे ०.०५ टक्के, तर सीरममध्ये सामान्यतः १० ते २० टक्के. शिवाय लिंबाच्या सालीतील फ्युरोकुमारिन द्रव्ये उन्हातील अतिनील किरणांमुळे क्रियाशील होऊन त्वचेवर दाह, फोड व काळे डाग उमटवतात. राप घालवण्यासाठी चोळलेली फोडच मे महिन्याच्या उन्हात डाग देऊन जाते!

सीरमची अडचण निराळी. पाण्यातील ॲस्कॉर्बिक आम्ल हवा, प्रकाश व उष्णता यांमुळे ऑक्सिडीकृत होऊन तपकिरी पडते. २००५ मध्ये पिनेल यांच्याच गटाने १५ टक्के क, १ टक्का ई जीवनसत्त्व व ०.५ टक्के फेरुलिक आम्ल यांचे मिश्रण तपासले. त्यात द्रावणाचे स्थैर्य वाढले व प्रकाशसंरक्षण चौपटीवरून सुमारे आठपट झाले. तथापि, विदर्भात उन्हाळी पारा ४० अंशांपलीकडे जातो, तेथे उघड्या फडताळातील बाटली फार टिकणार नाही. सामू वेष्टनावर क्वचितच छापलेला असतो. पाण्यात बनवलेल्या सीरमचा सामू महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेतील सामू-कागदाने मिनिटभरात कळतो.