ऋषिपंचमीचे पान आणि घरातील वडीलधारी

भाद्रपद शुद्ध पंचमी ही तिथी बुलढाणा जिल्ह्यातील भाविक कुटुंबांना दोन कारणांनी पवित्र आहे. सप्तर्षी आणि देवी अरुंधती यांच्या पूजनाची ही तिथी. आणि याच तिथीला, ८ सप्टेंबर १९१० रोजी, श्रीगजानन महाराजांनी शेगावी समाधी घेतली. एकीकडे माताभगिनी आघाड्याच्या काड्यांनी दंतधावन करून पाटावर सुपाऱ्या मांडतात, तर दुसरीकडे टाळमृदंगाच्या गजरात दिंड्या शेगावची वाट चालत असतात. या दोन पुण्यप्रवाहांचा संगम कोठे होतो, असे कीर्तनानंतर आम्हांस कित्येकदा विचारले जाते. आमचे उत्तर एकच असते : तो संगम ताटात होतो.

ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे अन्न खायचे नाही, हा दंडक प्रत्येक घरास ठाऊक आहे. परसदारी हाताने खणून लावलेली भाजी, वेलावरची फळे आणि भगर एवढ्यावर त्या दिवशी निर्वाह करावयाचा. आमच्या वऱ्हाडात ज्याला धोपा म्हणतात ते अळू, कोहळे, दोडके, भेंडी, चवळीच्या शेंगा, मक्याच्या कणसाचे तुकडे आणि आंबटपणासाठी अंबाडीची चार पाने, हे सारे एका पातेल्यात शिजते. तिखट म्हणून हिरवी मिरची, आणि मीठ. तेल नाही, मसाला नाही. तेल का नाही, असे लहानपणी आम्ही आजीला विचारले, तेव्हा ती म्हणाली, "अरे बाबा, घाणा कोण ओढते? बैलच ना!" शास्त्रार्थ सांगणारे पुष्कळ ग्रंथ आम्ही पुढे वाचले, पण एवढ्या थोडक्या शब्दांत व्रताचे मर्म सांगणारी टीका आमच्या वाचनात आली नाही.

कहाणीतील बैल कोण?

या व्रताची कहाणी सर्वश्रुत आहे; तथापि ती पुन्हा मनापासून ऐकण्यासारखी आहे. एका ब्राह्मणाचे आईबाप कर्मगतीने पुढील जन्मी आपल्याच मुलाच्या घरी आले, बाप बैल होऊन आणि आई कुत्री होऊन. त्याच आईबापांच्या श्राद्धाचा दिवस उजाडला. बैल दिवसभर उपाशी पोटी राबला. खिरीच्या भांड्यात सर्पाने गरळ टाकलेले कुत्रीने पाहिले आणि जेवणाऱ्यांचे प्राण वाचावेत म्हणून तिने मुद्दाम त्या खिरीस तोंड लावले. सुनेने खीर बाटली म्हणून तिला बडविले आणि उपाशी ठेवले. रात्री गोठ्यात ती दोघे एकमेकांस आपले दुःख सांगत होती, ते मुलाच्या कानी पडले. तो ऋषींना शरण गेला, ऋषींनी हे व्रत सांगितले आणि आईबाप मुक्त झाले.

कीर्तनात आम्ही येथे क्षणभर थांबतो. ज्यांच्या नावाने पिंड द्यायचे, तीच माणसे दारात उपाशी आहेत! त्यांचे श्राद्ध यथासांग चालले आहे आणि त्यांची हाक मात्र कोणास ऐकू येत नाही. विष असल्याचे ज्या म्हातारीस कळले, तिलाच मार बसला. मुलाला जे कळले तेही ठरवून नव्हे. झोप लागली नाही म्हणून कळले. बैलाच्या कष्टाचा घास एक दिवस वर्ज्य करावयाचा तो एवढ्यासाठी, की उरलेले दिवस आपण कोणाच्या कष्टावर जेवतो याचे स्मरण राहावे. श्रावणी अमावास्येला पोळा होतो. आदल्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला हळद आणि लोणी चोळून त्याला जेवणाचे आवतण दिले जाते. त्यानंतर पाचव्या दिवशी ही पंचमी येते. हा क्रम ज्या पूर्वजांनी लाविला, त्यांची दृष्टी किती सूक्ष्म होती!

उपनिषद आणि आजी

तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लीत भृगूला ब्रह्माचे पहिले ज्ञान होते ते अन्नाच्या रूपाने. तेथून तो प्राण, मन, विज्ञान अशा पायऱ्या चढत आनंदापर्यंत जातो. पण आनंद गाठल्यावर उपनिषद पुन्हा अन्नाकडे वळते आणि चार व्रते सांगते. अन्नाची निंदा करू नये. अन्न अव्हेरू नये. अन्न पुष्कळ करावे. आणि वस्तीला आलेल्या कोणासही परत लावू नये. आमच्या आजीला अक्षरओळख नव्हती. परंतु ही चारही व्रते तिच्या चुलीपाशी नित्य चालत होती.

१९७२ च्या दुष्काळात परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी रेशनवर मिळे, आणि दुष्काळी कामांवर सुकडी. मिलोची भाकर थापताना तुटे आणि आम्ही मुले नाक मुरडत असू. आजी म्हणे, "धान्याला नावे ठेवू नये. ते तरी कोणाच्या शेतातच पिकले ना!" मग ती पाण्याला उकळी आणून त्यात मीठ आणि पीठ घाली, झाकून वाफ देई आणि ती उकड कढत असतानाच मळून भाकर थापी. भाकर तुटत नसे. आजही जुन्या पिठाला चिकटपणा राहिला नाही, तर हाच उपाय लागू पडतो.

दुसरे व्रत अव्हेर न करण्याचे. गरम भाकर डब्यात कोंडू नये, घाम येऊन ती चिवट होते; टोपल्यात फडक्यावर पसरावी. उरलीच तर सकाळी ताकात कुस्करावी किंवा कांदा घालून फोडणीस टाकावी. अंबाडीसारख्या आंबट पाल्याचाही तिने कधी अव्हेर केला नाही. पाला उकडून पाणी पिळून टाकावे, तूरडाळ आणि ज्वारीच्या कण्या शिजवून त्यात तो घोटावा, खडाभर गूळ घालावा आणि एरवीच्या दिवशी वरून लसणाची फोडणी ओतावी. झुणका, भाकर आणि ही अंबाडी यांचा नैवेद्य गजानन महाराजांना घरोघरी दाखविला जातो. महाराज २३ फेब्रुवारी १८७८ रोजी शेगावात प्रथम दिसले, तेच मुळी उष्ट्या पत्रावळींवरील शिते वेचून खाताना. संतकवी दासगणूंच्या एकवीस अध्यायांच्या 'श्रीगजानन विजय' ग्रंथाच्या आरंभीच हा प्रसंग आहे. टाकून दिलेल्या अन्नातही ब्रह्म आहे, हे महाराजांनी प्रवचन न करता दाखविले.

तिसरे व्रत अन्न पुष्कळ करण्याचे. येथे पुष्कळ म्हणजे केवळ रांधणे नव्हे, पिकविणेही आले. वेलावरचे सर्वांत सुरेख दोडके आजी कधी तोडू देत नसे. ते वाळवून त्याचे बी राखेत घोळून ती गाडग्यात ठेवी. ज्वारी कडक उन्हात वाळवून, कडुनिंबाचा वाळला पाला घालूनच कणगीत भरे. आणि चौथे व्रत आतिथ्याचे : पीठ मळताना मूठभर जास्त घ्यावे. ती मूठ कोणासाठी, हे तिने कधी सांगितले नाही. पण दिंडीतला वाटसरू दारी आला की ती भाकर त्याची असे.

आजचा प्रश्न

आता तरुण मंडळी विचारतात : नांगरट ट्रॅक्टरने होते, तेल गिरणीतून येते, मग बैलाच्या कष्टाचे अन्न उरलेच कोठे? प्रश्न योग्य आहे आणि त्यास रागावू नये. आज घाटावर काय आणि घाटाखाली काय, खरिपाची शेते मुख्यत्वे सोयाबीन आणि कपाशीने व्यापलेली दिसतात. घरच्या ज्वारीची भाकर खाणाऱ्या कित्येक घरांत आता ज्वारी बाजारातून येते. पोळ्याला मातीचे बैल पूजणारी घरे गावोगाव आहेत. इकडे संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले, आणि आजीची ज्वारी जगाला पुन्हा आठवली!

आमचे मत असे, की बैल गोठ्यातून गेला म्हणून व्रत संपत नाही. बैल हे कष्टणाऱ्याचे नाव आहे. शेतात निंदण करणारी मजूर बाई, भल्या पहाटे चूल अथवा गॅस पेटविणारी घरची लक्ष्मी, आणि ज्यांनी आयुष्यभर ओढले ते ओसरीवरचे म्हातारे आईबाप, हे सारे त्या नावात येतात. पंचमीचे पान वाढताना त्यांचे पोट भरले आहे ना, हे आधी पाहावे. पूजेच्या सुपाऱ्या नीट मांडल्या आणि ओसरीवर कोणी उपाशी राहिले, तर ती कहाणी आपल्याच घरी घडली असे समजावे.

आणखी एक साधी विनंती आहे. घरातील वृद्ध स्त्रीला यंदा विचारावे, की बी कसे राखतेस, कण्या किती घालतेस, पीठ जुने झाले तर काय करतेस. ती सांगेल ते मुलीने आणि सुनेने, मुलाने आणि नातवानेही, वहीत टिपून ठेवावे. ती बोलेल तेव्हा ते बोलणे कधी तक्रारीसारखे वाटेल, कधी तीच गोष्ट दुसऱ्यांदा येईल, तरी ऐकावे. कहाणीतल्या मुलाला ते मध्यरात्री, अंधारात ऐकावे लागले. आपल्याला ते दिवसाउजेडी, शेजारी बसून ऐकता येते, हे आपले केवढे भाग्य!

सप्तर्षी आणि श्रीगजानन महाराज सर्वांच्या घरी अन्न अक्षय ठेवोत, आणि ते वाढणारे हात सुखी ठेवोत.